हेल्मेट बोचतं, कारण ते तुमच्या मापाचं नाही

पुण्यात हेल्मेटला विरोध करणारी माणसं मी जवळून ओळखतो. ती बेपर्वा नाहीत, अडाणी तर नाहीतच. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, ग्राहकांच्या हक्कांसाठी आयुष्य घातलेले कार्यकर्ते आहेत. सार्वजनिक प्रश्नासाठी रस्त्यावर उतरणारी, निवेदनं देणारी, वर्तमानपत्राला पत्रं लिहिणारी ही पिढी या शहराची ठेव आहे. त्यांची टिंगल करून काहीही साधणार नाही. त्यांना उत्तर द्यायचं तर आधी त्यांचं म्हणणं पुरतं मांडायला हवं आणि मग ते कुठे चुकतं ते दाखवायला हवं.

त्यांचं म्हणणं असं. शहरात गाडी पळतेच कुठे? लक्ष्मी रस्त्यावर, बाजीराव रस्त्यावर, स्वारगेटच्या चौकात काटा वीस-पंचवीसच्या पुढे सरकत नाही, तिथे हेल्मेटचं काय काम? ते हायवेला घाला. हेल्मेटने मान धरते. मागचा हॉर्न ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही. उन्हाळ्यात डोकं उकडतं, केस गळतात. मंडईत उतरलं की ते हातात घेऊन कुठे फिरायचं? आधी खड्डे बुजवा, मग आमच्या डोक्याकडे बघा. आणि शेवटचं म्हणजे, डोकं माझं, जीव माझा; सरकारने आणि हेल्मेट कंपन्यांनी त्यात पडू नये.

या यादीत दोन जातींची कारणं एकत्र कालवलेली आहेत. काही तत्त्वाची आहेत, काही शरीराची. तत्त्वाच्या कारणांना उत्तर आहे आणि ते मी पुढे देतो. पण शरीराच्या तक्रारी, म्हणजे मान, घाम, घुसमट, कपाळावर उमटणारा लाल वळ, या बहुतेक खऱ्या आहेत असं माझं ठाम मत आहे. चूक आहे ती त्यांतून काढलेल्या निष्कर्षात. चप्पल चावली म्हणून कोणी अनवाणी फिरत नाही. मापाची चप्पल आणतो. डोक्याच्या बाबतीत मात्र या शहराने अनवाणी राहण्याचा हक्क मागितला आहे, आणि तो हक्क मिळाला की विजय झाला असं मानलं आहे.

वादाचा ताजा इतिहास सगळ्यांना आठवतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त के. व्यंकटेशम यांनी १ जानेवारी २०१९ पासून शहरात हेल्मेटची कडक अंमलबजावणी करणार असं जाहीर केलं. हेल्मेटसक्ती विरोधी कृती समिती मैदानात आली. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात बिनहेल्मेटची दुचाकी फेरी निघाली. जूनमध्ये शहरातल्या आमदारांनी तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं आणि शहरांतर्गत रस्त्यांवरची कारवाई थंडावली. पुढेही आदेश निघाले, विरोध झाला, आदेश मवाळ झाले. या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कोणी कोणाला विचारला नाही. सक्ती करणाऱ्यांनी नाही आणि विरोध करणाऱ्यांनीही नाही. तो प्रश्न म्हणजे, तुमच्या डोक्याचं माप किती?

आधी वेगाचा मुद्दा घेऊ, कारण तोच सगळ्यात जास्त पटण्यासारखा वाटतो. गाडीचा काटा वीसवर आहे, म्हणून धोका कमी, असं आपण समजतो. पण माणूस दुचाकीवरून पडतो तेव्हा डोकं रस्त्यावर आपटण्याचा वेग काट्यावर लिहिलेला नसतो; तो उंचीने ठरतो. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. दीड मीटरवरून सुटलेली कोणतीही वस्तू जमिनीला लागते तेव्हा तिचा वेग ताशी जवळपास वीस किलोमीटर होतो. शाळेत शिकलेलं गणित आहे, कोणीही वहीत मांडून पाहावं. म्हणजे गाडी सिग्नलला उभी असताना मागून रिक्षाचा धक्का लागला आणि माणूस आडवा झाला, तरी कवटी डांबराला त्याच वेगाने भिडू शकते.

आणि डांबर दबत नाही. कवटीही फारशी दबत नाही. त्यामुळे हा वेग दोन-तीन मिलिमीटरांत शून्यावर येतो आणि त्या झटक्याने आतला मेंदू हाडावर आदळतो. हेल्मेट इथे एकच काम करतं. बाहेरच्या कवचाच्या आत जो थर्माकोलचा जाड थर असतो, तो चिरडतो आणि डोक्याला थांबायला दोन-अडीच सेंटीमीटर अंतर देतो. थांबायचं अंतर आठपट झालं की झटका आठव्या हिश्शावर येतो. हेल्मेटचा सगळा चमत्कार एवढाच, पण त्यात घरी परतणं आणि न परतणं एवढा फरक आहे.

‘हेल्मेट हायवेसाठी’ हे वाक्य म्हणूनच अर्ध्याहून अधिक खोटं आहे. युरोपात वर्षानुवर्षं चाललेल्या ‘ईसीई २२.०५’ या मानकात हेल्मेट सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगाने लोखंडी ऐरणीवर आपटून तपासत. ताशी शंभरने भिंतीवर आदळणाऱ्या माणसाला हेल्मेट वाचवेल असा दावा कोणताही शहाणा अभियंता करत नाही. नळ स्टॉपला घसरलेल्या, अलका चौकात धक्का लागलेल्या, खडीवरून चाक सटकलेल्या माणसाला ते वाचवू शकतं. हेल्मेटची ताकद ज्या वेगापर्यंत मोजली जाते, तो वेग आपल्या पेठांमधलाच आहे.

आता ‘कंपन्यांचा डाव’ या आरोपाकडे येऊ. हेल्मेटची गरज कुठल्या कारखानदाराच्या डोक्यातून निघालेली नाही. मे १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये मोटरसायकलवरून जाताना सायकलवरच्या दोन मुलांना चुकवण्याच्या प्रयत्नात फेकले गेले आणि डोक्याला मार लागून सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्या मृत्यूने ते अस्वस्थ झाले. पुढे युद्धाच्या काळात त्यांनी लष्करातल्या मोटरसायकलस्वार निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ साली तो प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश लष्कराने त्या निरोप्यांना हेल्मेट बंधनकारक केलं. सर्व नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये कायदा यायला १९७३ उजाडलं. मरणाऱ्या तरुण पोरांकडे पाहून एका डॉक्टरने केलेली ही मागणी आहे.

तिच्यामागे आता पुराव्यांचा डोंगर आहे. जगभरातले अनेक अभ्यास एकत्र तपासून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी घटते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात दुचाकीवरचे ७४,८९७ जण मेले. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. हे सगळे हेल्मेटने वाचले असते असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं अप्रामाणिक होईल. पण वरची टक्केवारी निम्म्याने खरी धरली तरी वाचू शकणाऱ्यांचा आकडा हजारांत जातो. यात कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी आई आहे.

मानेचा मुद्दा दोन भागांत आहे. अपघातात हेल्मेटच्या वजनाने मान मोडते, असं अनेक जण खात्रीने सांगतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी चाळीस हजारांहून अधिक मोटरसायकल अपघातांच्या नोंदी तपासल्या आणि २०११ साली निष्कर्ष मांडला. हेल्मेट घातलेल्यांना मानेच्या मणक्याची दुखापत होण्याची शक्यता २२ टक्क्यांनी कमी होती. ऐकू न येण्याचं आणि बाजूचं न दिसण्याचंही तसंच. हॅरी हर्ट या संशोधकाच्या पथकाने लॉस एंजेलिस भागात नऊशे अपघातांच्या जागी प्रत्यक्ष जाऊन तपास केला आणि १९८१ साली अहवाल दिला. हेल्मेटने महत्त्वाचे आवाज अडवले किंवा नजरेचा आवाका कमी केला, असं त्यांना आढळलं नाही. मानेच्या मुद्द्याचा दुसरा भाग रोजच्या दुखण्याचा. ती खोटी नाही. पण ती येते कुठून?

ते मला गेल्या उन्हाळ्यात कळलं. दहा-बारा वर्षं मी हेल्मेट घालत आलो आणि दहा-बारा वर्षं त्याला कंटाळत आलो. एकदा घरी शिवणाच्या डब्यातली टेप सहज हाताला लागली. भुवयांच्या वर बोटभर, कानांच्या वरून, मागे डोक्याचा फुगीर भाग असतो त्यावरून ती फिरवली. ५७ सेंटीमीटर. मग हेल्मेट उलटं करून आतली चिठ्ठी पाहिली. ६०० मिलिमीटर, म्हणजे ६० सेंटीमीटर. तीन सेंटीमीटर मोठी वस्तू मी वर्षानुवर्षं डोक्यावर वागवत होतो. विद्यापीठ चौकाच्या पुढे वारा लागला की ती मागे उचलली जायची आणि मी नकळत मान ताठ करून तिला धरून ठेवायचो. खड्ड्यात चाक गेलं की ती कपाळावर घसरायची. मान दुखत होती ती याने. नंतर ५८० मापाचं घेतलं. पहिले आठ दिवस गाल दाबले जातात असं वाटलं, मग आतली गादी गालांना बसली. त्यानंतर मानेची तक्रार उरली नाही. वजनात फार फरक नव्हता. फरक मापात होता.

बहुतेक पुणेकरांनी हेल्मेट कसं घेतलं ते आठवून पाहावं. गाडीबरोबर शोरूमने दिलं म्हणून घेतलं. वाहन नियमांत गाडीसोबत हेल्मेट देण्याची तरतूद आहे, आणि एकाऐवजी दोन देण्याचा मसुदा केंद्राने जून २०२५ मध्ये काढला. पण हेल्मेट देताना गिऱ्हाइकाच्या डोक्याला टेप लावलेली मी तरी कुठे पाहिलेली नाही. किंवा मग पोलिसांची मोहीम सुरू झाली म्हणून घाईने घेतलं, ‘जरा मोठंच द्या, हवा खेळेल’ असं सांगून. किंवा घरात एकच आहे, सकाळी वडील घालतात, दुपारी क्लासला जाताना मुलगी घालते. मुलीच्या केसांना क्लचर असतो, वर स्कार्फचे दोन फेरे, मागे गाठ. त्यावर ते हेल्मेट टोपीसारखं उंच बसतं, पट्टा हनुवटीखाली पोचत नाही, मग तो लावलाच जात नाही. अशा हेल्मेटमध्ये दम कोंडणार, डोकं उकडणार, काही नीट दिसणार नाही. ती मुलगी ‘मला हेल्मेट सहन होत नाही’ म्हणते तेव्हा ती खरंच बोलते. तिने तिचं हेल्मेट अजून घातलेलंच नाही.

यातून मला सांगायचं आहे ते एवढंच. सुरक्षितता आणि सुख हे दोन वेगळे गुण आहेत, एक हवा तर दुसरा सोडावा लागतो, अशी आपली समजूत झाली आहे. हेल्मेटच्या बाबतीत हे दोन्ही एकाच गोष्टीवर उभे आहेत, ती म्हणजे नीट बसणं. सैल हेल्मेट त्रास देतं आणि पडल्यावर डोक्यावरून निसटून रस्त्याने गडगडत जातं. घट्ट बसलेलं, सगळीकडून सारखं टेकलेलं हेल्मेट विसरायला होतं आणि वेळेला जागेवर राहतं.

रस्त्याकडेच्या हेल्मेटबद्दलही बोललं पाहिजे. कारवाईच्या दिवसांत शहरात जागोजागी दोरीवर रंगीत हेल्मेटं टांगलेली दिसतात, दोन-तीनशे रुपयांना. असं एक मी विकत घेऊन घरी सुरीने उघडलं. कवच अंगठ्याने दाबलं की आत जात होतं. आत थर्माकोल होता तो टीव्हीच्या खोक्यात असतो तसला, बोटभरही जाड नाही, आणि कानांपर्यंत पोचायच्या आधीच संपलेला. पुढे नुसता स्पंज. पट्टा एका रिवेटवर होता, दोन झटक्यांत हातात आला. त्यावर आयएसआयचा शिक्का मात्र ठळक होता. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीचं हेल्मेट आयएसआय प्रमाणपत्राशिवाय बनवायला आणि विकायला बंदी आहे. तरी हा माल खुलेआम विकला जातो, आणि पावती फाडायला उभ्या असलेल्या पोलिसापासून पन्नास पावलांवर विकला जातो.

म्हणून माझा राग विरोधकांवर जेवढा आहे, तेवढाच अंमलबजावणी करणाऱ्यांवर आहे. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम ‘डोक्यावर काहीतरी असावं’ असं म्हणत नाही. हेल्मेट मानकाप्रमाणे हवं आणि ते पट्ट्याने डोक्याला पक्कं बांधलेलं हवं, असं ते म्हणतं. चौकात मात्र लांबून डोक्यावर गोल आकार दिसला की सोडून देतात. पट्टा लोंबतोय का, हे कोण पाहतं? नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यांवरही वेगळी कारवाई करण्याच्या सूचना दिल्या. सूचना योग्य आहे. पण दंडाच्या भीतीने घेतलेलं हेल्मेट दंडापासून वाचण्यापुरतंच असतं. ते कोपरात अडकवलेलं असतं, आरशावर लटकलेलं असतं, पांढरा गणवेश दिसला की डोक्यावर चढतं. पावतीच्या मोहिमेतला निम्मा वेळ नकली माल विकणाऱ्यांवर आणि पट्टा बांधून देण्यावर घातला असता, तर आज चित्र वेगळं असतं.

मग सक्ती नकोच का? इथे मी कृती समितीच्या मंडळींशी स्पष्ट मतभेद नोंदवतो. सक्ती या शब्दाचा पुण्याला राग आहे आणि त्याला कारण आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये प्लेग अधिकारी रँडच्या शिपायांनी घराघरांत शिरून जी सक्ती केली, तिची आठवण या शहराच्या हाडांत आहे. पण याच शहराने दुसरी सक्तीही मागितली. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली त्यासाठीच मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं, पण ते फेटाळलं गेलं. दोन्ही सक्त्यांमधला फरक कळायला अवघड नाही. पहिली माणसाची प्रतिष्ठा काढून घेत होती. दुसरी ज्याला स्वतःसाठी मागता येत नाही, त्याच्या वतीने मागत होती.

हेल्मेटची सक्ती दुसऱ्या जातीची आहे. ‘डोकं माझं’ हे वाक्य गाडीवर एकटा बसलेला, मागे कोणी नसलेला माणूस क्षणभर म्हणू शकेल. पण आपल्या गाडीवर एकटं कोण असतं? स्कूटरच्या पुढच्या जागेत हँडल धरून उभं राहिलेलं पोर असतं, त्याला कोणी विचारलं? मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, एका हाताने पिशवी सांभाळणारी बाई असते. आणि जो वाचतो पण पूर्ववत होत नाही, त्याचं काय? मेंदूला मार लागलेला माणूस घरी येतो तेव्हा त्याला उठवायला, भरवायला, त्याचा चिडचिडा झालेला स्वभाव सोसायला बायको नोकरी सोडते, मुलगा शिक्षण सोडतो. डोकं त्याचं असेल, शिक्षा सगळ्या घराला होते. हा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर त्या घरातल्या बाकीच्या व्यक्तींच्या स्वातंत्र्याचाही आहे.

खड्ड्यांचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. त्यासाठी आंदोलन करा, मी येईन. पण ‘आधी खड्डे बुजवा, मग हेल्मेट’ यातला ‘आधी’ आणि ‘मग’ मला कळत नाही. खड्डा आहे म्हणूनच हेल्मेट हवं. पावसात कपडे भिजतात म्हणून महापालिकेने गटारं साफ करेपर्यंत आपण छत्री उघडायची थांबतो का? हेल्मेट ठेवायचं कुठे, ही अडचणही खरी आहे. डिकीत मावत नसेल तर सीटखालच्या हुकाला अडकवता येतं, पण कुलपाशिवाय ते सुरक्षित नाही. मंडईत, स्टेशनच्या आणि मेट्रोच्या वाहनतळांवर हेल्मेट ठेवायला कुलूपबंद खण असावेत, ही मागणी कृती समितीने लावून धरावी. विरोधाच्या ताकदीचा तो किती चांगला उपयोग होईल!

घामाचं, उकाड्याचं म्हणणं तर सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीपर्यंत पोचलेलं आहे. भारतीय हवेला साजेशी हलकी हेल्मेटं हवीत का, हे तपासायला एम्सचे डॉक्टर आणि बीआयएस या मानक ठरवणाऱ्या संस्थेचे तज्ज्ञ बसले. मार्च २०१८ मध्ये त्यांनी हलक्या हेल्मेटची शिफारस केली आणि त्याप्रमाणे मानकात बदल झाले. १९८५ च्या जड, काळ्या, घामट हेल्मेटची आठवण मनात ठेवून आज वाद घालणं बरोबर नाही. बाजार बदलला आहे. बदललेली नाही ती आपली खरेदीची रीत.

मग ती कशी बदलायची? वाहनांच्या सुट्या भागांसाठी अख्खं पुणे नाना पेठेत जातं. तिथे किंवा आपल्या भागातल्या चांगल्या दुकानात दुपारच्या निवांत वेळी जा, संध्याकाळच्या गर्दीत नको. माप घेऊन जा. दुकानदाराला ‘मोठं’ किंवा ‘मीडियम’ सांगू नका, ५६०, ५८० असा आकडा सांगा. मापं कंपनीगणिक थोडी बदलतात, म्हणून त्याच्या आगेमागेचं एकेक माप मागवा. केस रोज जसे बांधता तसेच बांधून जा. अंबाडा किंवा क्लचर असेल तर तो मानेजवळ खाली घ्यायची सवय लावा. स्कार्फ लागतोच असेल तर पातळ सुती, एकेरी, आणि गाठ हेल्मेटच्या बाहेर.

हेल्मेट घाला, पट्टा लावा आणि दुकानातच दहा मिनिटं तसंच बसा. दुकानदाराला घाई असली तरी तुम्हाला नसू दे. दहा मिनिटांनी काढल्यावर कपाळाच्या मध्यावर लाल वळ असेल, तर त्या हेल्मेटचा आकार तुमच्या डोक्याचा नाही. माप तेच ठेवून दुसऱ्या कंपनीचं पाहा. काहींचं डोकं लांबट असतं, काहींचं गोल. गाल हलके दाबले गेले पाहिजेत, इतके की बोलताना ते आतून टेकलेले जाणवावेत. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवा; कपाळाची त्वचा त्याच्याबरोबर हलली पाहिजे. मग मागच्या कडेला बोटं घालून पुढे उलटवायचा प्रयत्न करा. निघालं, तर ते रस्त्यावरही निघेल. पट्ट्यात आणि हनुवटीत एक-दोन बोटंच मावली पाहिजेत.

शक्यतो हनुवटी झाकणारं, पूर्ण तोंडाचं हेल्मेट घ्या. डिटमार ओटे या जर्मन संशोधकाच्या नोंदींत जवळपास एक तृतीयांश आघात चेहऱ्याच्या आणि हनुवटीच्या भागावर आढळले. अर्ध्या टोपीसारख्या हेल्मेटमध्ये तो भाग उघडाच राहतो. काच पारदर्शक घ्या, काळी नको. रात्री काळ्या काचेतून खड्डा दिसत नाही. ओरखडे पडले की काच बदला, हेल्मेट नाही. आतली गादी निघणारी असेल तर ती पंधरा दिवसांनी धुवा. घामाचा वास आणि डोक्याची खाज निम्मी तिथेच जाते. मागे आयएसआय चिन्हाजवळ ‘आयएस ४१५१’ आणि परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर या ॲपवर तो क्रमांक टाकून परवाना खरा आहे का ते दुकानात उभं राहूनच पाहता येतं. आणि एकदा अपघातात जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका, बाहेरून नवं दिसलं तरी. आतला थर्माकोल एकदाच चिरडतो. त्याने आपलं काम केलं, आता त्याला निरोप द्या.

या सगळ्याला एक दुपार जाते आणि हजार-दोन हजार रुपये लागतात. लाखाच्या गाडीवर बसणाऱ्याला हे परवडत नाही असं म्हणता येणार नाही. आणि आपलं शहर कोणतं, ते आठवा. बजाजची चेतक आकुर्डीत बनली. देशातल्या वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे आणि ती आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. २०१८ मध्ये या शहरातल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर, म्हणजे लोकसंख्येच्याही पुढे गेली, आणि त्यांत बहुसंख्य दुचाकीच होत्या. दुचाकी घडवणारं, तपासणारं आणि तिच्यावर जगणारं हे शहर आहे. दुचाकीवर नीट कसं बसावं हे बाकीच्या देशाने आपल्याकडून शिकायला हवं होतं. आपण त्याऐवजी हेल्मेटविरोधाचं गाव म्हणून ओळखले जातो, ही गोष्ट मला मनापासून खुपते.

कृती समितीतल्या ज्येष्ठांना माझी हात जोडून विनंती आहे. तुम्ही पोलिसांना जाब विचारता, तसाच नकली माल विकणाऱ्यांनाही विचारा. माप न घेता हेल्मेट हातात ठेवणाऱ्या शोरूमलाही विचारा. तुमच्या शब्दाला इथे मान आहे. तुम्ही मापाचं हेल्मेट घालून एकदा शनिवारवाड्यापासून अलका चौकापर्यंत फेरी काढलीत, तर दहा वर्षांच्या पावत्यांनी झालं नाही ते होईल.

आणि वाचकहो, तुम्हाला एकच सांगणं. आज रात्री शिवणाच्या डब्यातली टेप काढा. भुवयांच्या वर बोटभर, कानांच्या वरून, मागच्या फुगीर भागावरून ती फिरवा. घरातल्या प्रत्येकाचं माप घ्या आणि नावापुढे आकडा लिहा. मागे बसणाऱ्यांचं घ्यायला विसरू नका. मुलांचंही घ्या, कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट आहे, आणि त्याहून लहान मुलांसाठीही ते नियमात आलं आहे. तो कागद खिशात ठेवा आणि या रविवारी घरातल्या प्रत्येक डोक्याला त्याचं स्वतःचं हेल्मेट आणा.